एकाला दोनशे दहा

(आधीच सांगते, पुढे '२४ वोखन' आणि 'यलो' या दोन्ही सिनेमांचं कथानक उघड होतं.)

रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा मी स्टँडअपमध्ये होते. म्हणजे ऑफिसच्या स्टँडअपमध्ये, रोज सकाळी पावणेदहाला असते ती. लॅपटॉपवर कुणीतरी काल काय केलं ते सांगत होतं आणि मी फोनवर पीडीएफ उघडली. वर माझं नाव, वय २८, वजन, बाराव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीची मापं. खाली एक आलेख. त्यात एक आडवी रेघ, रेघेच्या वर एक ठिपका. शेजारी लाल अक्षरांत: ट्रायसोमी २१, जोखीम १:२१०, स्क्रीन पॉझिटिव्ह.

माझं काम सर्व्हर मॉनिटरिंगचं आहे. कुठल्या आकड्याला अलार्म वाजवायचा आणि कुठल्या आकड्याला गप्प बसायचं, हे ठरवण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे १:२१० म्हणजे काय ते मला कळायला हवं होतं, आणि कळलंही. असा रिपोर्ट आलेल्या दोनशे दहा बायकांपैकी दोनशे नऊ जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम नसणार. अर्धा टक्कासुद्धा नाही. रेघ १:२५० ला मारलेली होती. ती काही निसर्गाने मारलेली नाही. किती खोटे अलार्म चालवून घ्यायचे आणि किती खरे निसटू द्यायचे, याचा सौदा करून कुणीतरी माणसांनी ती तिथे ठेवली आहे, मी रोज ठेवते तशीच. ती रेघ १:२०० ला असती तर मला हिरव्या अक्षरांतला रिपोर्ट आला असता आणि माझा नंबर आल्यावर मी म्यूट काढून काल काय केलं ते सांगितलं असतं.

मी म्यूट काढलाच नाही.

डॉक्टरांनी फोनवर समजावलं. डबल मार्कर ही फक्त चाळणी आहे, घाबरू नका, एनआयपीटी करून घेऊ. एनआयपीटी म्हणजे आईच्या दंडातून रक्त घ्यायचं आणि त्यात तरंगणारे डीएनएचे तुकडे मोजायचे. आईच्या रक्तात हे तुकडे सापडतात हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं आणि २०११ पासून चाचणी बाजारात आली. गंमत म्हणजे हे तुकडे बाळाचे नसतात, वारेचे असतात. बहुतेक वेळा दोन्हींत तेच असतं, पण नेहमीच नाही. म्हणून एनआयपीटीसुद्धा चाळणीच, फक्त बारीक जाळीची. पक्कं निदान हवं तर पोटात सुई घालून गर्भजल काढावं लागतं.

तेव्हा रात्री झोप येईना म्हणून मी बेज थिअरमचा हिशेब मांडला होता, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात केला होता तसाच. हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. माझ्या वयाच्या एक लाख गर्भवतींपैकी शंभर जणींच्या बाळात एकविसावं गुणसूत्र जास्तीचं आहे असं धरा. एनआयपीटी त्यातल्या नव्याण्णव पकडते. उरलेल्या ९९,९०० जणींपैकी ०.१ टक्का, म्हणजे शंभर जणींनाही ती चुकून पॉझिटिव्ह म्हणते. मग 'पॉझिटिव्ह' आलेल्या दोघींपैकी साधारण एक खरी आणि एक खोटी. नव्याण्णव टक्के अचूक म्हणून जाहिरात होणारी चाचणी आणि हातात येतं नाणेफेकीसारखं उत्तर. (माझ्या बाबतीत आधीचा आकडाच १:२१० असल्यामुळे पॉझिटिव्ह आलं असतं तर ते खरं असण्याची शक्यता ऐंशी टक्क्यांच्या वर गेली असती. हा हिशेब मी नवऱ्याला दाखवला नाही.)

वीसेक हजार रुपये भरले, रक्त दिलं, नऊ दिवस लागतील असं सांगितलं गेलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी '२४ वोखन' पाहिला.

कुणी म्हणेल, हा काय सिनेमा पाहायचा दिवस आहे? खरं तर तो माझ्या यादीत कित्येक महिने पडून होता. ऑफिसातली एक मैत्रीण जर्मन शिकते, तिने सुचवला होता, मी गरोदर आहे हे तिला माहीत नसताना. नावाचा अर्थ '२४ आठवडे'. दिग्दर्शिका अ‍ॅने झोरा बेराखेद, साल २०१६. त्या वर्षीच्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेतला हा एकमेव जर्मन सिनेमा, आणि दिग्दर्शिकेचा तो फिल्म स्कूलचा पदविका प्रकल्प होता. हे वाचून आपण काय करतोय आयुष्यात असं वाटतं, पण ते असो.

आस्ट्रिड ही स्टँडअप करते, माझ्यापेक्षा वेगळं, खरंखुरं. लोक पैसे देऊन तिला ऐकायला येतात. पोट घेऊन ती रंगमंचावर उभी राहते आणि गरोदरपणावर विनोद करते. मार्कुस तिचा जोडीदार आणि मॅनेजरही. एक शाळकरी मुलगी आहे. दुसऱ्या बाळाला डाऊन सिंड्रोम आहे असं तपासणीत कळतं. दोघं हादरतात, बोलतात, आणि ठरवतात की बाळ हवंय. घरच्यांना सांगतात. इथे सिनेमा संपला असता तर तो एक चांगला, उबदार सिनेमा झाला असता आणि मी तो पाचव्या दिवसाच्या संध्याकाळी आनंदाने विसरले असते.

पण पुढच्या तपासणीत बाळाच्या हृदयात मोठा दोष सापडतो. जन्मल्यावर लगेच शस्त्रक्रिया, कदाचित एकाहून अधिक. आस्ट्रिडचा धीर सुटत जातो. मार्कुसला अजूनही बाळ हवं आहे. आणि सहा महिने उलटून गेलेले असताना आस्ट्रिड गर्भपाताचा निर्णय घेते.

या सिनेमातले डॉक्टर हे खरे डॉक्टर आहेत. नटांना पांढरे कोट घातलेले नाहीत. त्यामुळे ते ज्या आवाजात बोलतात तो आवाज कुठल्याही नटाला काढता आला नसता. सौम्य, सपाट, शेकडो वेळा तेच सांगितलेल्या माणसाचा. त्यात क्रूरपणा अजिबात नाही आणि म्हणूनच ऐकवत नाही. इतक्या उशिरा गर्भपात कसा करतात ते एक डॉक्टर समजावून सांगतात: आधी इंजेक्शन देऊन गर्भाचं हृदय थांबवायचं, मग कळा आणायच्या, मग बाळंतपण. हो, बाळंतपण. मला हे माहीत नव्हतं. शिकलेली, नेटवर सगळं वाचणारी मी, आणि गर्भपात म्हणजे भूल आणि अर्धा तास एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी पॉज केला आणि पाणी प्यायले.

काही ठिकाणी युलिया येंच, म्हणजे आस्ट्रिड, सरळ कॅमेऱ्यात बघते. तुमच्याकडे. काही बोलत नाही. एरवी अशा क्लृप्त्यांचा मला कंटाळा येतो, पण इथे ती नजर प्रेक्षकाची सोयीची जागा काढून घेते. तुम्ही तिच्याबद्दल मत बनवत असता, हो किंवा नाही, आणि ती नेमकी तेव्हाच तुमच्याकडे बघते.

आता तक्रार. पटकथेने हृदयाचा दोष आणून आपल्याला सोडवलं, असं मला पहिल्यांदा पाहताना वाटलं. नुसता डाऊन सिंड्रोम असताना त्यांनी बाळ ठेवायचं ठरवलं होतं, म्हणजे त्या पात्रांबद्दल आपला आदर शाबूत. मग हृदय आलं, म्हणजे निर्णयाला 'वैद्यकीय' कारण मिळालं. अवघड प्रश्न विचारून लेखकांनी शेवटच्या क्षणी पळवाट ठेवली. नंतर वाचलं तेव्हा कळलं की डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. म्हणजे योगायोग ओढूनताणून आणलेला नाही. तरी तक्रार मी पूर्ण मागे घेत नाही. कारण त्यातले बरेच दोष आज शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षं होतं, आज ते साठच्या आसपास आहे, आणि या फरकात त्या हृदयाच्या शस्त्रक्रियांचा वाटा मोठा आहे. हा आकडा सिनेमात कुणी आस्ट्रिडला सांगत नाही. मलाही कुणी सांगितला नव्हता. माझ्या पीडीएफवर एकच आकडा होता.

पण सिनेमाची खरी ताकद मला कायदा वाचल्यावर कळली. (प्रसूतीच्या रजेत लोक विणकाम करतात, मी जर्मन दंडसंहितेचं कलम २१८-अ वाचलं.) जर्मनीत पहिल्या बारा आठवड्यांत, समुपदेशन घेऊन, गर्भपात केला तर शिक्षा होत नाही. त्यानंतर फक्त वैद्यकीय कारणाने, आणि त्याला आठवड्यांची मर्यादा नाही. पूर्वी त्या कायद्यात गर्भातला दोष हे स्वतंत्र कारण होतं. १९९५ च्या दुरुस्तीत ते काढून टाकलं. नाझी काळात अपंगांची पद्धतशीर हत्या झालेल्या त्या देशात, अपंगत्व हे जगू न देण्याचं कारण म्हणून कायद्यात लिहिलेलं असू नये, असा आग्रह अपंगांच्या संघटनांनी आणि चर्चने धरला होता. आता कायदा विचारतो ते एवढंच: या गर्भारपणामुळे आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर धोका आहे का?

ऐकायला सुंदर. बाळाबद्दल कुणी वाईट बोललं नाही. पण मग बोलायचं कुणी आणि काय? आस्ट्रिडला 'या बाळाला खूप दुखेल' हे कारण म्हणून सांगता येत नाही. तिला म्हणावं लागतं, 'मला हे झेपणार नाही.' समाजाने, इतिहासाने, इस्पितळाने आपापले हात धुऊन घेतले आणि सगळं ओझं एका बाईच्या 'मला झेपत नाही' या वाक्यात भरलं. मार्कुसला हवंय म्हणायची मुभा आहे, कारण निर्णय त्याचा नाही. तो सज्जन आहे, प्रेमळ आहे, आणि त्याचा सज्जनपणा आस्ट्रिडला आणखी एकटं पाडतो. गर्भपातावरच्या सिनेमांत वाईट पुरुष असला की सोपं जातं. हा सिनेमा ते सोपं करत नाही. शेवटी आस्ट्रिड हे जाहीरपणे बोलते, पण आपण बरोबर केलं असं ती म्हणत नाही, चूक केली असंही नाही.

आपल्याकडे उलट आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही गटांतल्या स्त्रियांसाठी गर्भपाताची मर्यादा वीसवरून चोवीस आठवडे झाली, आणि गर्भात गंभीर व्यंग आहे असं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर चोवीसच्या पुढेही परवानगी मिळते. म्हणजे आपला कायदा बाळाकडे बघतो, आईकडे नाही. ही दुरुस्ती यावी म्हणून बायकांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. २००८ मध्ये मुंबईतल्या एका जोडप्याला गर्भाच्या हृदयातला दोष वीस आठवडे उलटल्यावर कळला, ते उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने नकार दिला, आणि काही दिवसांनी तिचा गर्भ आपोआप पडला. मी तेव्हा शाळेत होते. घरी टीव्हीवर चर्चा चालू असताना बाबांनी चॅनेल बदलल्याचं आठवतं. कुणाचा गैरसमज नको म्हणून स्पष्ट लिहिते: त्या बाईला परवानगी मिळायला हवी होती असं मला तेव्हा कळत नव्हतं, आज ठाम वाटतं. आस्ट्रिडलाही तो हक्क हवाच. माझा प्रश्न हक्काच्या आधीचा आहे.

तो प्रश्न मला सिनेमात नाही, रिसेप्शनच्या काउंटरवर सुचला.

भारतात गरोदरपणी सोनोग्राफी केलेल्या प्रत्येकीने एका कागदावर सही केलेली असते. मजकूर साधारण असा, की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. भिंतीवर पाटी असते, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. या पाटीच्या मागे महाराष्ट्राचा इतिहास आहे. सत्तरच्या दशकात गर्भजल तपासणी आली ती गर्भातले दोष शोधायला आणि वापरली जाऊ लागली मुली पाडायला. मुंबईतल्या स्त्रीसंघटना, डॉक्टर, वकील एकत्र आले, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. तो लिंग सांगायला बंदी करतो आणि त्याच वेळी गुणसूत्रांतले दोष, रक्ताचे आनुवंशिक आजार, जन्मजात व्यंगं शोधायला परवानगी देतो.

आता माझ्या रक्ताची ती नळी डोळ्यांसमोर आणा. त्याच नळीतले तेच तुकडे मोजून यंत्राला एकविसावं गुणसूत्रही कळतं आणि वाय गुणसूत्रही. एक गोष्ट सांगितली तर लॅब बंद होईल. दुसरी सांगितली नाही तर लॅबवर केस होईल. आणि मी सही कशावर केली? न जाणण्यावर केली, पण फक्त एकाच गोष्टीच्या. जर्मनीत २०१० पासून लागू असलेल्या जनुकीय निदान कायद्यात 'न जाणण्याचा हक्क' मान्य केलेला आहे. चाचणीआधी समुपदेशन सक्तीचं आहे आणि मला माहिती नको असं म्हणता येतं. मला डबल मार्कर करायची आहे का असं कुणी विचारलं नव्हतं. थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन आणि डबल मार्कर, अशा एकाच चिठ्ठीवर ती होती. मीही विचारलं नाही. डॉक्टर चांगल्या होत्या, दोष त्यांचा नाही. बाहेर तीस जणी बसल्या होत्या.

मुलगी आणि डाऊन सिंड्रोम यांची तुलना कशी होईल, असं इथे कुणीही म्हणेल, मीही स्वतःला म्हटलं. मुलगी असणं हा आजार नाही. तिला त्रास होतो तो जगामुळे. डाऊन सिंड्रोममध्ये शरीराचाही त्रास आहे, हृदय आहे, कान आहेत, थायरॉइड आहे. बरोबर. पण मला त्या नऊ दिवसांत भीती कशाची वाटत होती, ते प्रामाणिकपणे लिहून काढलं तेव्हा हृदय यादीत चौथं आलं. पहिलं होतं, नोकरी सोडावी लागेल, आणि ती मलाच सोडावी लागेल. दुसरं, सासरचे म्हणतील आमच्याकडे असं कुणी नाही. तिसरं, आपण गेल्यावर कोण? ही तिन्ही जगाची कामं आहेत, एकविसाव्या गुणसूत्राची नाहीत. ऐंशीच्या दशकात मुलगी पाडणाऱ्या बाईने यादी केली असती तर तीही फार वेगळी झाली नसती. तिच्यासाठी आपण कायदा केला, पाटी लावली, सही घेतली. यादी मात्र अजून तशीच आहे, म्हणून सोनोग्राफी केंद्रांवर धाडी अजून पडतात.

या जागेवर मराठीत एक सिनेमा आहे, 'यलो'. महेश लिमये दिग्दर्शित, २०१४ चा. मी तो अकरावीत असताना थिएटरात पाहिला होता आणि नऊ दिवसांपैकी सातव्या दिवशी पुन्हा पाहिला. पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या आयुष्यावरचा, आणि गौरी त्यात स्वतः स्वतःची भूमिका करते. लहानपणची गौरी संजना राय करते. दोघींचा राष्ट्रीय पुरस्कारांत खास उल्लेख झाला. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं काम बिनव्यंगाच्या नटाला वाकडं तोंड करायला लावून करून घेण्याची आपली रीत आहे. ती या सिनेमाने मोडली, आणि एवढ्यासाठीच तो लक्षात ठेवायला हवा. बाप मुलीला स्वीकारत नाही, आई (मृणाल कुलकर्णी) तिला घेऊन भावाकडे येते. हृषीकेश जोशींचा मामा तर मला घरी हवा होता. तो कुठलाही उपदेश न करता भाचीशी भाचीसारखा वागतो. मग पाणी, मग उपेंद्र लिमयेंचा प्रशिक्षक, मग स्पर्धा, मग पदक.

थिएटरात सगळे रडले होते. बाहेर येताना माझी मामी डोळे पुसत म्हणाली, "बघ, अशी मुलंसुद्धा किती करून दाखवतात!" मलाही तेव्हा तेच वाटलं होतं. सातव्या दिवशी, कुशीवर पडून लॅपटॉपवर पाहताना, ते 'करून दाखवतात' माझ्या घशात अडकलं. मी पोटावर हात ठेवून मनात विचारत होते, पोहता येईल ना? खरंच विचारत होते. ज्या बाळाचं अजून हृदय नीट दिसलेलं नाही त्याला मी पदकाची अट घालत होते.

'यलो'ची अडचण इथे आहे. सिनेमा बापाला चूक ठरवतो, पण त्याला हरवतो बापाच्याच मैदानावर. बाप म्हणतो ही मुलगी काय कामाची, सिनेमा म्हणतो बघ किती कामाची. प्रश्न तोच राहिला, फक्त उत्तर बदललं. आणि गुणसूत्र मोजणारी चाचणी जो प्रश्न विचारते तोही याच जातीचा आहे. गौरी गाडगीळचं यश खरं आहे, कष्टाचं आहे, ते कमी लेखायचा हेतू नाही. खऱ्या आयुष्यातल्या पदकावर माझा आक्षेप असायचं कारणच नाही. आक्षेप आहे तो पटकथेने त्या पदकाकडून करून घेतलेल्या कामावर. ज्या मुलीला पाण्याची भीतीच वाटत राहिली असती तिच्यावर सिनेमा निघाला असता का? '२४ वोखन' ज्या ठिकाणी पोचतो तिथे 'यलो' जातच नाही, कारण त्याच्या गोष्टीत बाळ जन्मलेलं आहे. आणि '२४ वोखन' जन्मलेल्या मुलाबरोबर राहायला जात नाही. दोन सिनेमांच्या मधली जागा रिकामी आहे आणि बहुतेक माणसं तिथे राहतात.

सांगलीला आमच्या गल्लीत असा एक दादा होता. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा, पण आमच्यात खेळायचा. गल्लीत नळाला पाणी पहाटे साडेपाचला यायचं आणि कधी यायचं नाही, कधी लवकर यायचं. तो चार वाजल्यापासून त्यांच्या नळापाशी बसलेला असायचा. पाण्याआधी नळातून हवा येते, तिचा आवाज त्याला सगळ्यांच्या आधी कळायचा. मग तो गल्लीभर प्रत्येक दार वाजवत जायचा, "पाणी आलं, पाणी आलं." मी बारावीला होते तेव्हा मला अलार्म लागायचा नाही. आठव्या दिवशी मी आईला फोन करून हे सगळं सांगितलं, जरा भारावून. मनात असं होतं की बघ, एवढं वाईट नसतं.

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुला पाणी आठवतं. त्याच्या आईला पहाटे चारला त्याच्या मागोमाग उठावं लागायचं, ते नाही आठवत. काकूंनी स्वतःच्या भावाचं लग्नसुद्धा पूर्ण बघितलं नाही." मग काकू गेल्यावर काय झालं ते तिने सांगितलं, मी तोवर पुण्याला आले होते. बहीण त्याला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. चांगलं सांभाळलं तिने. पण तिथे चोवीस तास पाणी. तो नळ सोडायचा, बंद करायचा, दार उघडून जिन्यात जायचा आणि परत यायचा. दोन वर्षांनी गेला.

"तू काय करणार आहेस?" आईने विचारलं. तिने 'तुम्ही' म्हटलं नाही.

"बघू," मी म्हटलं. नवऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं तेव्हाही मी 'बघू' म्हटलं होतं, आणि त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्याचं काय उत्तर आहे हे मीही विचारलं नाही. आम्ही दोघं एरवी सोफा घेतानासुद्धा तीन आठवडे चर्चा करणारी माणसं.

दहाव्या दिवशी रिपोर्ट आला. लो रिस्क. हिरवी अक्षरं. बाळाच्या लिंगाबद्दल कायद्यानुसार एक अक्षर नाही. आम्ही पावभाजी खायला गेलो. जास्तीचं बटर घातलेल्या पावाकडे बघताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी हसत सुटले, आणि मग लक्षात आलं की या हलकं वाटण्यातच माझं उत्तर होतं, की नव्हतं? सुटका आजारापासून झाली की उत्तर द्यायच्या वेळेपासून? आस्ट्रिडला हे हलकं वाटणं मिळालं नाही, म्हणून ती आपल्याकडे तशी बघू शकते. मी तिच्याकडे पुन्हा बघायला अजून धजावलेले नाही. हा लेख लिहिण्यासाठीही सिनेमा पुन्हा पूर्ण पाहिलेला नाही, त्या डॉक्टरांच्या प्रसंगापाशी थांबले.

मुलगी आता दीड वर्षाची आहे.

गेल्या आठवड्यात नणंदेचा मेसेज आला. तिला तिसरा महिना आहे. "वहिनी, डबल मार्कर कुठे केलं होतंस? चांगली लॅब सांग ना." मी लिहिलं की सांगते, पण करायच्या आधी तुम्ही दोघं एकदा बसून बोला, पॉझिटिव्ह आली तर काय करायचं ते.

तिचं उत्तर लगेच आलं. "अगं, इतकं निगेटिव्ह का बोलतेस?"

मी तिला सिनेमाची लिंक पाठवणार होते. लॅबचा नंबर पाठवला.